सोबतीची कोंबडी

२ नोव्हेंबर, दुपार

चिमणे,

तू गेल्या रविवारी घरी आलीस. आत्ता मागच्या खोलीत, दाण्याच्या पोत्यांशेजारी खाटेवर बसून मटार सोलते आहेस, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतंय. आणि तरी मी तुला पत्र लिहायला बसले आहे, तुझ्या त्या दूरच्या पत्त्यावर, जो तू एकदाच एका कार्डावर खरडला होतास. तू खरोखर इथे असशील तर हे पत्र फिरून परत येईल आणि तू मला जन्मभर चिडवशील. चिडव. पण तिकडे कुणी हे पाकीट फोडलं, तर उलट टपाली एवढंच कळव की तू तिथेच आहेस.

ताईला वेड लागलं म्हणशील. आधी ऐकून घे, मग म्हण.

फाटकाची कडी वाजली तेव्हा मी अंगण झाडत होते. तुझा तो राखाडी कोट, हातात झाकणाची टोपली. डाव्या भुवईवरची खोक होती तिथेच. पुढचा दात थोडा तिरका, तोही तसाच. "ताई, मी आले," म्हणालीस. गळ्यात पडावंसं वाटलं. आणि तोंडातून निघालं, "चपला तिथेच काढ." तुला माहीत आहे मी कशी आहे.

आईची छाती आता फार नाजूक झाली आहे. दिवसभर खोकते. दिसतही नाही तिला, नुसत्या सावल्या कळतात. डॉक्टरांनी बजावलंय की बाहेरून आलेल्या माणसाला तिच्याजवळ लगेच जाऊ द्यायचं नाही. म्हणून मी सांगितलं, महिनाभर मागच्या खोलीत राहायचं, आईशी लांबूनच बोलायचं. "बरं ताई," म्हणालीस आणि टोपली उचलून निघालीस.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. तू? माझं ऐकलंस? तेही पहिल्याच शब्दाला? जिने एक ठिपक्यांची कोंबडी आणून, माझ्या नाकावर टिच्चून, त्याच दिवशी खुराड्यात सोडली होती, ती तू? सगळा कळप रोगाने गेला त्यात आपला. बाबांनी खुराडं जाळलं तेव्हा त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यानंतर मी तुला जे बोलले ते बोलले, आणि तू घर सोडलंस. आजही मागे घेत नाही.

टोपलीत एक तलंग निघाली. अंडी द्यायला नुकती लागेल अशी, पांढरी, मानेवर पिवळी झाक. "तुझ्यासाठी आणली," म्हणालीस. मी ती त्याच दुपारी तपासली, बाबांनी शिकवलं तशी, चोचीपासून नखांपर्यंत. डोळे स्वच्छ, कोपऱ्यात फेस नाही. नाकपुड्या कोरड्या. तुरा लालभडक. पंखांखालची पिसं फुंकर मारून उलगडली, एक ऊ नाही. शेपटीखाली स्वच्छ. पायांचे खवले चपटे बसलेले, तळव्याला फोड नाही. धडधाकट कोंबडीतही काहीतरी सापडतंच, एखादं तुटकं नख, एखादं उपटलेलं पीस. हिच्यात काही नव्हतं.

मग पंखाखाली हात घातला. तुला आठवत असेल, कोंबडीचं अंग आपल्याहून कढत असतं. थंडीत शाळेत जाण्याआधी आपण बोटं शेकायला तिथेच घालायचो. हिच्या पंखाखाली मला काही लागलंच नाही. गार नाही, ऊन नाही. बरोब्बर माझ्या हाताएवढीच ऊब. माझाच हात मी हातात धरल्यासारखं वाटलं.

पाठीला कान लावला. घरघर नव्हती. श्वास संथ होता. ऐकता ऐकता लक्षात आलं, तो माझ्या श्वासाबरोबर चालला होता. मी श्वास रोखला, तिनेही रोखला. मी सोडला, तिनेही सोडला. चिमणे, भर उन्हात अंगणात बसून माझ्या अंगावर काटा आला.

मी मान वर केली तर तू खोलीच्या दारात उभी राहून बघत होतीस. "चांगली आहे ना ग ताई?" तू विचारलंस. आणि मी "हो" म्हटलं. खोटं कुठे होतं?

कळव.

ताई


१० नोव्हेंबर

चिमणे,

पत्राचं उत्तर नाही. पण पत्र परतही आलेलं नाही. पोस्टमनला रोज फाटकाशी गाठते. तो म्हणतो, "ताई, एवढी वाट तर माझी बायकोही बघत नाही." चावट मेला.

तोवर मागच्या खोलीतल्या बाईला मी पाहुणी म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर तुझंच नाव घेते.

नव्या तलंगेला वेगळ्या खुराड्यात ठेवलंय, मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. सगळं बाबांच्या शिस्तीत. सकाळी आधी आपला कळप, मग नवी. उलट कधीच नाही. तिकडच्या चपला वेगळ्या, पाण्याचं भांडं वेगळं, परत येताना साबणाने कोपरापर्यंत हात. आणि तिच्या सोबतीला लंगडीला ठेवलंय.

सोबतीची कोंबडी आठवते ना तुला? वरून छान दिसणारी कोंबडी रोग घेऊन फिरू शकते आणि तिला स्वतःला काही होत नाही. बाबा म्हणायचे, नवीकडे कितीही निरखून बघा, ती काही सांगणार नाही. आपल्यातली एक तिच्याजवळ ठेवा आणि आपलीकडे बघा. आपली नीट राहिली, तर नवी चांगली.

लंगडी तू गेल्यावरची. डाव्या पायाने अधू, म्हातारी, अंडं कसं देतात ते कधीच विसरलेली. स्वभावाने माझी सख्खी बहीण म्हण. दाणा टाकायला हात पुढे केला की आधी माझ्या अंगठ्याला चोच मारणार, मग खाणार. सोबतीला हीच कशी, असं विचारू नकोस. ज्याच्यावाचून अडत नाही त्यालाच पुढे करतात.

पाहुणीचं म्हणशील तर बोट ठेवायला जागा नाही. आईला काही लागू नये म्हणून पाहुणीचं ताट मीच नेते, तिथेच बसून मीही जेवते. ती विचारते आणि मी बोलत राहते. आईला कोणतं औषध कधी, चहात साखर किती, मी रागावले की काय म्हणते. तू गेल्यापासून समोर बसून जेवणारं कुणी नव्हतं मला. आवडतं ग. कशाला नाही म्हणू?

एकच सांगायचं होतं. लंगडीने या आठवड्यात मला एकदाही चोच मारलेली नाही. आजारी वगैरे मुळीच नाही. तुरा उलट जास्तच लाल झालाय. आज ती वाडग्याकडे चालत आली तेव्हा मी बघतच राहिले, पाय टेकतेय की नाही ते. टेकत होती.

ताई


१९ नोव्हेंबर

चिमणे,

पत्र मिळालं. फाटकाशी उभ्या उभ्या फोडलं आणि तिथेच खाली बसले. पोस्टमन पाणी आणायला धावला.

अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे तुझं. किती बरं वाटलं ते बघून. "ताई, मी इथून हललेली नाही. शिवणाच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावते आणि संध्याकाळी पाय सुजतात." लहानपणापासून सुजणारे तुझेच पाय ते. तेवढं एक वाक्य मी पाच-सहा वेळा वाचलं.

पुढचं मात्र वाचवत नव्हतं. तुझ्या खोलीत भाड्याने अर्धी जागा घेऊन राहिलेली ती बाई. तुला आपल्या घराची फार आठवण यायची, म्हणून तिला रोज सांगत बसायचीस. आईचा खोकला, माझा आवाज, भुवईवरची खोक कशी पडली, सगळं. मग कारखान्यातल्या मुली तिला तुझ्या नावाने हाक मारायला लागल्या आणि तुला विचारायला लागल्या, तुम्ही नवीन का? "मला दुखत-खुपत काही नव्हतं ताई, उलट पायांची सूजही गेली होती. पण मी कुणाला आठवतच नव्हते." आणि एक दिवस ती तुझा कोट घालून निघून गेली.

एवढं सगळं तुझ्यावर गुदरलं आणि तू मला एक ओळ लिहिली नाहीस. लिहिलं असतंस तर मी आले असते. बोलणी खाऊन आले असते, घालत आले असते, पण आले असते.

पत्र पदरात लपवून मी तशीच मागच्या खोलीत गेले. ठरवलं होतं, विचारायचं, कोण आहेस तू, आणि फाटकाबाहेर काढायचं. दारात पाऊल टाकलं तोच ती वळून म्हणाली, "चपला तिथेच काढ."

तुझ्या आवाजात नाही. माझ्या.

मी चपला काढल्या, चिमणे. एवढी तोंडाळ बाई मी, पण काढल्या. तिने केस माझ्यासारखे बांधले होते, मागे घट्ट, एकही बट सुटू न देता. भुवईवर आता खोक नव्हती. मला ओरडायचं होतं. रागच येईना. शोधतेय, शोधतेय, आणि आत काही नाही, रिकाम्या डब्यात हात घातल्यासारखं. गेल्या कित्येक दिवसांत मी कुणावर ओरडलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मी रोज डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे, तिची जीभ, तिची झोप. तिच्यासोबत जेवत कोण होतं, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. बाबांची एवढी शिस्त पाळली आणि सोबतीला मी स्वतःच जाऊन बसले.

तू लिहिलं आहेस की ती गेल्यावर काही आठवड्यांनी लोक तुला पुन्हा ओळखायला लागले. पायही पुन्हा सुजायला लागले म्हणून तू देवाचे आभार मानलेस. तेवढ्या एका गोष्टीवर माझा जीव अडकलाय. येते म्हणालीस ना? ये. सुट्टी देत नसतील तर सोडून ये.

ताई


२७ नोव्हेंबर

चिमणे,

हे मागच्या खोलीतून लिहितेय. खाटेवर बसून.

परवा दुपारी खुराड्याकडे गेले तर वेगळ्या खुराड्याचं दार सताड उघडं. नवी तलंग आपल्या कळपात होती. नव्या कोंबडीला कळप कसा फाडून काढतो ते तुला ठाऊक आहे. कुणी चोचही उगारली नव्हती. ती डाव्या पायाने लंगडत वाडग्यापाशी आली, सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली, लंगडीला देत होत्या तशी. आणि खरी लंगडी जाळीबाहेर, दोन्ही पायांवर सरळ उभी. आत शिरायला गेली की कळप अंगावर यायचा. मानेची पिसं गेली बिचारीची. मी तिला उचललं. तिच्या पंखाखाली काही लागलं नाही, ऊनही नाही, गारही नाही.

तिला काखेत घेऊन तशीच आईकडे गेले. औषधाची वेळ झाली होती. म्हटलं, "आई, तोंड उघड."

"कोण आहे?" आई म्हणाली.

"अगं, मी."

"मी कोण? ताईला पाठव. ताई, कुणीतरी बाई आत आली आहे ग!" ती घाबरली. माझा हात लागला तसा तिने झिडकारला आणि खोकल्याची अशी उबळ आली की ओठ निळे पडले. मी पाठ चोळायला गेले तर आणखीच घाबरी झाली. तेवढ्यात पाहुणी आली, माझा पदर खोचलेला, माझी पावलं, आणि वैतागून म्हणाली, "आई, किती ग आरडाओरडा! आ कर." आई लगेच शांत झाली. हसली. "तू रागावलीस की बरं वाटतं," म्हणाली.

माझ्यासमोर, चिमणे.

मी थांबले असते तर आईचा श्वास अडकला असता. म्हणून बाहेर आले. मला कुणी हाकललं नाही. माझ्याच आईचा जीव जाऊ नये म्हणून मी माझ्या घरातून निघून मागच्या खोलीत आले, आणि दार लावून घेऊन रडले. रडता आलं याचंच नवल वाटलं.

आज पोस्टमनने फाटकाशी विचारलं, "पाहुण्या का तुम्ही? ताईंना सांगा, पत्र काही नाही." थट्टा करत नव्हता.

पण मी हातावर हात धरून बसलेली नाही. तू बरी झालीस ती एकटी राहून. मग मीही राहीन. तिच्या हातचं खात नाही. इथे मटार आहेत, कोंबड्यांचा मका आहे, पंपाचं पाणी आहे. लंगडी माझ्याजवळ आहे. सकाळी आधी तिला तपासते, मग स्वतःला. डोळे, जीभ, नखं. ऊब.

लवकर ये.

ताई


६ डिसेंबर

चिमणे,

आज लंगडीने चोच मारली!

दाण्याचा हात पुढे केला आणि टचकन् अंगठ्यावर. रक्त आलं. मी तिला शिव्या घातल्या, अशा शिव्या की बाबा असते तर कान धरले असते. आणि मग तिला पोटाशी धरून बसले. पंखाखाली हात घातला, चिमणे, कढत! आपल्या लहानपणीसारखी, बोटं शेकावीत अशी कढत. आणि खुराड्याभोवती फिरताना डावा पाय उचलून धरते आहे पुन्हा. इतकं सुंदर लंगडणं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

फाटकाशी गेले तर पोस्टमन कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग चाचरत म्हणाला, "ताई? आजारी होतात का?" मी म्हटलं, "डोळे फुटले होते का तुझे?" तसा त्याच्या जिवात जीव आला. तुझं कार्ड त्याने माझ्या हातात दिलं. शनिवारी पोचतेस म्हणजे हे पत्र तुला आगगाडीच्या ठेशनावर गाठावं लागेल. तो म्हणतो, ठेशनमास्तर त्याचा मेव्हणा आहे, तुझ्या हातात पडेल याची हमी त्याची.

म्हणून नीट ऐक. पुढच्या दाराने येऊ नकोस. दार माझ्यासारखी दिसणारी बाई उघडेल आणि तुला बघून तिला भरून येईल. मला भरून आलं की मी "चपला तिथेच काढ" म्हणते, तीही तेच म्हणेल. मागच्या बाजूने ये. मी खोलीत असेन. मलाही लगेच मिठी मारू नकोस. आधी माझा अंगठा बघ, त्यावर चोचीची जखम असेल. हात हातात घे, ऊब बघ. श्वास रोख आणि मी रोखते का बघ. मी तुला तुझ्या ठिपक्यांच्या कोंबडीवरून बोलायला लागले, तर समज मीच आहे. आणि चिमणे, तू गेल्यापासून एक दिवस असा गेला नाही की मी फाटकाकडे बघितलं नाही. हेही मीच आहे. हे कुणाला शिकवलेलं नाही मी.

मी शनिवारपर्यंत थांबणार होते. दोघी मिळून आत जाऊ असं ठरवलं होतं. पण आता थांबता येत नाही.

मी इथे बरी होत होते त्या सगळ्या दिवसांत तिच्यासोबत बसायला कोण होतं? आई. पाहुणी तिथेच जेवते, तिथे बोलते, तिथे झोपते. मला माझंच पडलं होतं. आज सकाळी मी लंगडीच्या नादात होते आणि दुपारी एकदम ध्यानात आलं की घर फार शांत आहे, सकाळपासून आईचा खोकलाच नाही. मी अंगणात जाऊन उभी राहिले. आईच्या खिडकीखाली. आई आत खुर्चीत ताठ बसली होती, गालांवर लाली, कितीतरी वर्षांत बघितली नव्हती अशी. माझ्या पायरवाने तिने मान वळवली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं, चिमणे, दिसत असल्यासारखं. मी श्वास रोखला.

नाही, पुढचं लिहीत नाही. तुला कळलं असेल.

मी आता आत जाते. ओळखू दे नाहीतर न ओळखू दे, ओरडू दे, ओरबाडू दे. खुराड्यातून कोंबडी काढताना तिची परवानगी विचारतात का? काखोटीला मारून आणते आईला इथे, आणि दाराला कडी घालते. शनिवारी तू येशील तेव्हा आम्ही दोघी आणि लंगडी, तिघीजणी या खोलीत असू. एकेकीला तपास. घाई करू नकोस, या वेळी तरी.

पोस्टमन फाटकाशी पत्रासाठी उभा आहे. तोही मान तिरकी करून ऐकतोय. "ताई," म्हणतोय, "आईंचा खोकला वाढलाय वाटतं."

खोकल्याचा आवाज येतोय खरा. अगदी आईसारखा, आधी कोरडा, मग लांबलेला. पण तो स्वयंपाकघरातून येतोय.

ताई